चटणी कशात भरायची

माझी सगळी नोकरी फुगे फुगवण्यात गेली. जत्रेतले फुगे नव्हेत. चिकलठाणा एमआयडीसीत आमची प्लास्टिक फिल्मची फॅक्टरी होती. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा, खालून हवा सोडून त्याचा दोन मजली उंच फुगा काढायचा, वर नेऊन तो चपटा करायचा आणि रोलवर गुंडाळायचा. त्या फिल्मच्या मग दुधाच्या, तेलाच्या, फरसाणाच्या पिशव्या व्हायच्या. मी मशीनवर हेल्पर म्हणून लागलो आणि शिफ्ट सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. फुगा नुसता डुलला तरी कुठं काय बिघडलंय हे मला लांबून कळायचं. घरात या विद्येला काडीची किंमत नव्हती. बायको म्हणायची, "तिथं एवढाले फुगे सांभाळता, इथं गॅसवरचं दूध नाय सांभाळता येत."

तरी मुकुंदवाडीतलं आमचं घर त्याच फुग्यांवर उभं राहिलं आणि एकुलत्या एका मुलीचं शिक्षणही त्यातूनच झालं. मुलगी शिकली पर्यावरणशास्त्र. गावाकडं थोरल्या भावाला मी कौतुकानं हे सांगितलं, तर त्यानं विचारलं, "म्हणजे करती काय ती?"

"प्लास्टिक वाईट असतं, हे पोरांना शिकवते."

तो म्हणाला, "तर मग तू फी कामून भरली?"

मुलगी काही वर्षं पुण्यात हेच शिकवणाऱ्या एका संस्थेत होती. मग औरंगपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागली आणि ती घरी परत आली. तोवर मी फॅक्टरीतून सुटलो होतो आणि आमच्या घराची फॅक्टरी झाली होती. माझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी आणि येसर यांचा धंदा जोरात चालला होता. येसर म्हणजे डाळी-धान्य भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. गरम पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी तयार. मराठवाड्यातून पोरं नोकरीला बाहेर गेली की पहिली आठवण आईची येते असं म्हणतात, ते खोटं आहे. पहिली आठवण येसराची येते. आई फोनवर भेटते.

माल बायकोचा, पॅकिंग माझं. मी जुन्या ओळखीतून पाऊच आणले होते, तीन थरांचे. वर छपाईचा थर, मध्ये चंदेरी चकाकीचा, आत सील पकडणारा. आणि पाऊचवर बायकोचा फोटो, डोक्यावर पदर घेतलेला, हसरा. माझ्या पुतण्याच्या लग्नात काढलेला. तिथं ती नेमकी कोणाकडं बघून एवढी हसली हे मला आजवर कळलेलं नाही. माझ्याकडं बघून नक्कीच नाही. पत्त्यात शहराचं नाव होतं औरंगाबाद. नाव बदललं तेव्हा छापलेले पाऊच बरेच उरले होते, त्यामुळं ते संपेपर्यंत आमची चटणी जुन्या गावात राहत होती आणि आम्ही नव्या.

मुलगी आली त्या दिवशी तिनं ओट्यावरचा एक पाऊच उचलला.

"पप्पा, हे काय आहे?"

"चटणी."

"चटणी कशात आहे?"

मी खूश झालो. इतक्या वर्षांत घरात पहिल्यांदा कोणीतरी मला हे विचारत होतं. तिन्ही थरांची कामं मी तिला समजावून सांगितली. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, ओल येत नाही. दिवाळीत भरलेली चटणी आखाजीला उघडा, तेवढीच ताजी.

"आणि चटणी संपल्यावर?"

"संपल्यावर काय? दुसरी मागवायची."

तिनं पाऊच ओट्यावर ठेवला, मेलेला उंदीर ठेवावा तसा. मग तिनं मला माझेच तीन थर उलटे समजावून सांगितले. वेगवेगळ्या जातीचे तीन थर एकमेकांना असे चिकटवलेत की ते परत सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवालासुद्धा हा पाऊच घेत नाही. तो जाळतात, पुरतात, नाही तर नाल्यात जातो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या फॅक्टरीत माल गेटाबाहेर गेला की आमचा संबंध संपायचा. मुलगी लग्न करून सासरी जाते तेव्हासुद्धा माणूस इतक्या लवकर मोकळा होत नाही.

"आजपासून चटणी काचेत," मुलगी म्हणाली.

मी बायकोकडं पाहिलं. मला वाटलं, ती माझ्या बाजूनं बोलेल. तिचे डोळे चमकत होते. लग्नात रुखवतात ठेवलेल्या चिनीमातीच्या बरण्या मी एकदा घर बदलायच्या गडबडीत फोडल्या होत्या, त्याचा सूड घ्यायची संधी तिला आत्ता मिळत होती.

शहागंजात बरण्या-बाटल्यांची घाऊक दुकानं आहेत. तिथं आम्ही तिघं गेलो. बायकोनं बरणी वाजवून, फिरवून, उजेडात धरून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "मजबूत है ना?"

तो म्हणाला, "भाभी, कांच है. गिरेगी तो टूटेगीच. मैं झूठ कायकू बोलूं?"

असा खरं बोलणारा दुकानदार भेटला तेव्हाच मी शहाणा व्हायला पाहिजे होतं. पण बरण्या आल्या, खिडकीत ओळीनं लागल्या, आतली तांबूस चटणी उन्हात अशी दिसायला लागली की आजूबाजूच्या बायका नुसत्या बघायला येऊन जायच्या. पहिले काही आठवडे घरात कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं, इतका मी हरलो होतो.

मग कुरिअर सुरू झालं. बरणी फुटू नये म्हणून फुग्याफुग्यांचं प्लास्टिक गुंडाळावं, असं मी सुचवलं. मुलीनं नुसतं पाहिलं. मग रद्दी गुंडाळली. रद्दीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खोकं, खोक्यात पेंढा. पाव किलो चटणी, तिच्याएवढीच जड बरणी, आणि वर तान्ह्या बाळाला झोपवता येईल एवढं खोकं. कुरिअरवाला म्हणाला, "काका, आत चटणी आहे का मूर्ती?" एवढं करून नाशिकच्या एका बाईंकडं बरणी फुटून पोचली. त्या भल्या होत्या, भांडल्या नाहीत. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "चटणी छान. काचा जरा कमी घाला."

मुलगी हटली नाही. म्हणाली, लांबचं सोडा, शहरातल्या गिऱ्हाइकांनी बरणी परत आणायची, आपण धुऊन पुन्हा भरायची. काच अशी पुन्हा-पुन्हा वापरली तरच तिचा अर्थ आहे. एकदा वापरून फेकली तर ती भट्टीत वितळवायला लागलेली आगच एवढी असते की तुमच्या पाऊचापेक्षा वाईट. हे ती प्रामाणिकपणे सांगायची, मला आवडेल तेसुद्धा. हा तिचा दोष मी अजून सुधारू शकलेलो नाही.

बरण्या परत यायला लागल्या. एकीत कोणाच्या तरी लोणच्याचा खार होता. एकीतून उदबत्तीचा वास येत होता. एकीत चक्क जिवंत मासा आला, म्हणजे त्या घरातल्या लेकरानं पाळलेला. बाईंना दुसरी बरणी सापडली नव्हती, म्हणून "दोन दिवस सांभाळा" असा निरोप होता. आणि चटणीची बरणी धुणं म्हणजे काय, हे ज्यानं धुतली त्यालाच कळतं. तेल काचेला असं धरतं की कढत पाणी ओतायचं, साबण लावायचा, घासायचं, पुन्हा कढत पाणी.

आता हे पाणी आणायचं कुठून? आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. मधले दिवस वाट बघण्यात जातात. पाण्याच्या दिवशी पाहुण्यांना कळवतात, आज येऊ नका, आज पाणी आहे. ड्रम, टाक्या, बादल्या, पातेली, सगळं भरून ठेवायचं आणि पुढं तोळा-तोळा वापरायचं. त्या भरलेल्या ड्रमांतलं पाणी बरण्या प्यायला लागल्या. एकदा नळाचा दिवस चुकला, पाइपलाइन कुठंतरी फुटली होती, आणि घरात अंघोळीला पाणी नव्हतं. पण खिडकीत बरण्या लखलखत होत्या. बायको पदर खोचून हॉलमध्ये आली.

"मी माणसं धुऊ का बरण्या धुऊ? एकदा ठरवून सांगा."

मुलगी स्टुलावर बसली, हातातली बरणी फिरवत राहिली आणि म्हणाली, "पप्पा, आमच्या पुस्तकातल्या शहरात नळाला रोज पाणी येतं."

ती हसली म्हणून मी हसलो. नसती हसली तर माझी हिंमत नव्हती.

मग कागदाची पाळी आली. तिनं कुठून तरी खाकी कागदाची पाकिटं मागवली. त्यावर हिरवं पान छापलेलं. आजकाल काहीही विकायचं असलं की त्यावर हिरवं पान छापतात. उद्या विंचवाच्या पाठीवर छापलं तर लोक खिशात घालून नेतील. चटणी भरली. बायकोची चटणी खलबत्त्यात कुटलेली, शेंगदाण्याचं तेल सुटलेलं. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालच्या गादीपर्यंत डाग जातो. आणि हे पाकीट मात्र कोरडंच. एक दिवस गेला, चार दिवस गेले, कोरडंच. मला संशय यायला लागला. तेल पीत नाही तो कागद कसला?

मुलगी कॉलेजला गेल्यावर मी एक पाकीट बादलीत भिजत घातलं. संध्याकाळी कागदाचा लगदा अलगद सुटला आणि आतून निघाली एक पातळ, पारदर्शक फिल्म. मी ती दोन बोटांत धरून उजेडाकडं नेली. माझ्या पोटात इतकं सुख झालं, की तेवढं पगारवाढीलाही कधी झालं नव्हतं.

मुलगी घरात शिरली, चप्पलही काढली नव्हती, आणि मी ती फिल्म तिच्यासमोर वाळत घातल्यासारखी पसरली.

"हे बघ तुझं हिरवं पान. प्लास्टिक! आणि तेही हलक्या मालाचं. जाडीसुद्धा सारखी नाही. आमच्या शिफ्टला असा रोल निघाला असता तर मी माणूस घरी पाठवला असता."

तिनं ती फिल्म हातात घेतली. कागदाचा लगदा बघितला. पर्स ठेवली आणि गच्चीवर निघून गेली. मी अजून बोलतच होतो. कागद आणि प्लास्टिक असं चिकटवल्यावर आता कागदवालाही घेणार नाही आणि प्लास्टिकवालाही, असं काहीतरी. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जिंकले ना? या आता, एकटे जेवा."

मी जेवलो. उठून गच्चीवर जायला माझा ताठा आडवा येत होता. शेवटी बायकोच वर गेली. त्या दोघी काय बोलल्या ते मला कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मुलीनं साधा, निव्वळ कागद आणला. दुहेरी पिशव्या, आतून काही नाही. मी म्हणालो, पावसाळा आहे, ओल धरेल. पण मागच्या वेळी एवढा नाचलो होतो की माझ्या बोलण्याला आता वजन उरलं नव्हतं. राखीपौर्णिमेची मोठी ऑर्डर होती. चटणी भरली, गेली, आणि परत आली. पिशव्या तेलकट, मुंग्या लागलेल्या, चटणी खवट. कुणी फोनवर सांगितलं, कुणी सरळ दारात आणून ठेवली. हॉलमध्ये ढीग झाला.

बायको त्या ढिगासमोर मांडी घालून बसली. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकली. एवढे दाणे निवडलेले, भाजलेले, सोललेले, कुटलेले. गाईला घालावं तर मिरची-लसणाची चटणी गाय खात नाही. मी मनातल्या मनात वाक्य तयार करत होतो, तेवढ्यात मुलगीच बोलली.

"मी पाकीट वाचवायला गेले आणि आतलं सगळं घालवलं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "हे शेंगदाणे कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर आले. गॅस जळला. आईचे हात गेले. पाकिटापेक्षा आतला मालच मोठा असतो, पप्पा. तो फुकट जाणं सगळ्यात वाईट. हे मी वर्गात शिकवते. शिकवते!"

माझं तयार वाक्य मी गिळलं. आम्ही तिघांनी मिळून घराच्या मागं खड्डा केला आणि चटणी पुरली. पुढं कित्येक दिवस तिथून लसणाचा असा घमघमाट यायचा की जाणारे-येणारे विचारायचे, "वहिनी, आज काय बेत?"

मग मुलीनं एक शेवटचा प्रकार आणला: हिरवट, मऊ पिशवी, वर तेच छापील पान, मक्याच्या स्टार्चची, मातीत विरघळून जाते म्हणे. मी म्हणालो, विरघळत नाही. ती म्हणाली, विरघळते. आवाज चढले. बायकोनं पोळपाट आपटला.

"भांडता कामून? पुरून बघा. ज्याचं मातीत शिल्लक राहील, तो गप बसंल."

हे दोघांनाही पटलं. गच्चीवर जुन्या रंगाच्या डब्यांत तुळस-कोरफड होती, त्यातले रिकामे डबे घेतले. एकात माझा चंदेरी पाऊच, एकात साधा कागद, एकात मक्याची पिशवी, एकात फुटलेल्या बरणीची काच, आणि एकात कापडी पिशवीचा तुकडा. कापडी पिशव्यांना आमच्या घरात तोटा नव्हता. वास्तुशांतीपासून वाढदिवसापर्यंत प्रत्येक जण हल्ली कापडी पिशवीच हातात देतो. मुलगी म्हणायची, कापसाला पाणी केवढं लागतं. ही पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच परवडते, आणि आपण तर कपाटात गठ्ठा करून ठेवतो. मी गठ्ठ्यातली सगळ्यात भडक निवडून कापली. शेजारचे निवृत्त एसटी कंडक्टर त्यांच्या गच्चीवरून बघत होते.

"काय लावलंय, भाऊ?"

"पिशव्या."

त्यांनी जरा विचार केला. "या हंगामात उगवतील?"

डब्यांचा निकाल लागायच्या आधीच पाऊस आला. भाद्रपदात एका दुपारी असा कोसळला की गल्लीत पायऱ्यांपर्यंत पाणी चढलं. मागचा नाला तुंबला होता. पाऊस थांबल्यावर गल्लीतले लोक फावडी, बांबू, काठ्या घेऊन गेले, मीही गेलो. नाल्याच्या तोंडाशी अख्खी गल्ली अडकून पडलेली: वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, थर्माकोलच्या प्लेटा, कुणाची तरी उशी. आम्ही ओढत होतो, बाहेर टाकत होतो. तेवढ्यात कंडक्टर ओरडले,

"अहो भाऊ, पळा! वहिनी सापडल्या!"

मी चिखलातून धावत गेलो. त्यांच्या काठीच्या टोकाला एक पाऊच लटकत होता. त्यांनी अंगठ्यानं वरचा गाळ पुसला, आणि आतून माझी बायको हसली. डोक्यावर पदर, सगळे दात स्वच्छ. खाली पत्ता, जुन्या गावाचा. म्हणजे बाई बऱ्याच काळापासून नाल्यात होत्या.

सगळी गल्ली हसत होती. मी पाऊच हातात घेतला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर सील तपासलं. वरून कात्रीनं कापला होता, बाकी तिन्ही बाजूंचं सील जसंच्या तसं. रंग उडाला नव्हता. थर सुटला नव्हता. "काय काम आहे!" असं मी म्हणूनही गेलो. मागं वळलो तर बायको उभी. तिला कुणीतरी बातमी दिली होती.

तिनं पाऊच माझ्या हातातून घेतला. स्वतःच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिली. कंडक्टर ओशाळून म्हणाले, "वहिनी, पण फोटो लई भारी आलाय."

"माझं तोंड गटारात," ती म्हणाली. एवढंच. आणि घरी गेली.

त्या संध्याकाळी तो पाऊच तिनं साबणानं धुतला, दोरीवर चिमट्यानं लावला. रात्रीच्या जेवणानंतर ताटं उचलता उचलता म्हणाली, "तुमचे थर अन् तिची पुस्तकं दोन्ही ठेवा बाजूला. ज्याच्यावर माझं तोंड छापलंय ते एक तर माझ्याकडं परत आलं पाहिजे, नाय तर छापायचंच नाय."

इतक्या महिन्यांत आम्हा दोघांना जे जमलं नव्हतं ते तिनं भांडी घासायच्या आधी करून टाकलं. येसर कोरडा असतो, त्याला साधा कागद चालतो. तो कागदात गेला. शहरातल्या गिऱ्हाइकांनी चटणीला घरून डबा आणायचा. लांबच्या थोड्या लोकांना चटणी हवीच असली तर एकाच जातीच्या प्लास्टिकची साधी, जाड पिशवी, चकाकी नाही, छपाई नाही. एकाच जातीचं असलं की ते परत वितळवता येतं आणि भंगारवाला हसत घेतो, हे मी सांगितलं. मुलीनं पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"वाईटातलं बरं," ती म्हणाली.

फॅक्टरीत मला एकदा उत्तम सुपरवायझरची शाल मिळाली होती. तिच्यापेक्षा हे दोन शब्द मला मोठे वाटले, पण मी चेहरा कडक ठेवला.

डब्यांची पद्धत सुरळीत बसली असं मात्र समजू नका. एक आजी पाव किलो चटणीला प्रेशर कुकर घेऊन आल्या. एक जण आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा घेऊन आला आणि वरून पर्यावरणावर बोलला. काही गिऱ्हाइकं तुटली. "पाऊचातली द्या, फोटोवाली," असं म्हणणारे अजून येतात. बायको त्यांना सांगते, "फोटोतली बाई गेली."

दिवाळीच्या साफसफाईत आम्ही गच्चीवरचे डबे उपडे केले. कागद नव्हताच, शोधूनही सापडला नाही. कापडाची भडक फुलं जाऊन नुसते दोरे राहिले होते. माझा पाऊच कालच आणल्यासारखा. काचसुद्धा तशीच, पण मुलगी म्हणाली, काच मातीत पडून राहते, कुणाचं काही बिघडवत नाही, पायात घुसेपर्यंत. शेवटी मक्याची पिशवी. ती निघाली ती टवटवीत. छापलेलं पान उलट जास्त हिरवं वाटत होतं.

बायको म्हणाली, "हिला तर माती मानवली."

मुलीनं सांगितलं, तिला विरघळायला मोठ्या खतकारखान्यातली उष्णता लागते. घरच्या कुंडीत ते जमत नाही. मी तिच्याकडं पाहिलं. ती म्हणाली, "बोला, बोला. तुम्हाला बोलायचंय."

"मी काहीच बोलत नाही," मी म्हणालो. आणि खरंच बोललो नाही, कारण माझा पाऊच माझ्याच पायाशी चमकत पडला होता.

थंडीत तिच्या कॉलेजात पर्यावरणावर कार्यक्रम होता. तिनं मला बोलायला बोलावलं. मला वाटलं थट्टा आहे. पण ती माझा इस्त्रीचा शर्ट हातात घेऊन उभी. स्टेजवर तिनं ओळख करून दिली, "हे माझे वडील. यांनी आयुष्यभर प्लास्टिक बनवलं." पोरं अशी बघायला लागली की जणू मला पोलिसांनी आणलंय. मग मी त्यांना फुगा कसा काढतात ते सांगितलं, थर सांगितले, नाल्यात बायको सापडल्याचं सांगितलं, आणि पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. एका मुलीनं विचारलं, "सर, मग सगळ्यात चांगलं पॅकिंग कोणतं?"

"आत काय भरायचंय, किती लांब न्यायचंय आणि तुझ्याकडं नळाला पाणी कधी येतं, ते आधी सांग," मी म्हणालो. मागच्या भिंतीला टेकून माझी मुलगी उभी होती. ती हसत होती, आणि या वेळी तरी माझ्याकडं बघूनच.

शेवटी प्राचार्य उठले. माझा सत्कार होता. त्यांनी माझ्या हातात एक भलामोठा गुच्छ दिला. चार गुलाब, आणि त्यांच्याभोवती कडक, पारदर्शक प्लास्टिकचे दोन घोळ, वर चंदेरी रिबन. सभागृहात टाळ्या झाल्या. मुलीनं कपाळाला हात लावला.

तिच्या स्कूटरवर मागं बसून मी तो गुच्छ धरून घरी आलो. औरंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत वाऱ्यानं ते प्लास्टिक कानाशी कडकड वाजत होतं. सिग्नलला ती मान न वळवता म्हणाली, "पप्पा, एक शब्द बोलायचा नाही."

"मी कुठं काय म्हणालो? फिल्म चांगल्या दर्जाची आहे, एवढंच."

तिचे खांदे हलायला लागले. हिरवा दिवा लागला तरी ती हसतच होती, मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

घरी बायकोनं गुलाब काढून तांब्यात ठेवले, रिबन सोडवली, प्लास्टिक मांडीवर घेऊन हातानं सपाट केलं, चार घड्या घातल्या आणि गादीखाली सारलं.

"आई!" मुलगी ओरडली.

"कोरं आहे गं," बायको म्हणाली. "कशालातरी होईल."